जुनी गाडी, नवा मालक (७) : स्टिअरिंगवर कोण बसतं?

मीटर मागे फिरवण्याच्या उद्योगाबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. मधेच खोडाळ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या एका प्रश्नात मी असा गुंतलो की मीटर बाजूलाच राहिलं.

हकिगत थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ जीप चालवतात. दिवाळीनंतर नाशिककडच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून त्यांनी साडेतीन लाखांना डिझेल जीप घेतली. पिवळी पाटी, मॅक्सीकॅबचं परमिट, पासिंग चालू, फायनान्सचा बोजा उतरवलेला. मागच्या लेखात मी मालकी बदलाच्या ज्या फॉर्म २९ आणि ३० साठी एवढा घसा कोरडा केला, तेही त्यांनी वेळेत भरले होते. कसारा ते खोडाळा, खोडाळा ते मोखाडा असं पॅसेंजर भरून ते स्वतः गाडी चालवतात. होळीपर्यंत गाडी गुण्यागोविंदानं चालली. मग भरल्या गाडीनं त्र्यंबकला जाताना तोरंगण घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. त्यानंतर गाडी रोज पाणी खायला लागली. फिटरनं इंजिनवर डिझेलचा बोळा फिरवला, तर सेल्फच्या मागच्या बाजूला ब्लॉकचा काळा रंग बोळ्यालाच लागला. रंगाखाली वीतभर राखाडी पुट्टी आणि पुट्टीखाली चीर.

डीलरला फोन केला तेव्हा त्यानं दोन वाक्यं ऐकवली. पहिलं : “गाडी तुम्ही बघून, चालवून घेतली.” हे अपेक्षितच होतं. दुसरं मात्र कुणीतरी पढवल्यासारखं होतं : “तुम्ही गाडी धंद्याला घेतली, तुम्ही कसले ग्राहक? ग्राहक कोर्टाच्या दारातसुद्धा उभं करणार नाहीत.” आमच्या वाचकाचा प्रश्न एवढाच, की हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. आणि अर्ध्या खऱ्या वाक्यांनीच लोक घरी बसतात, म्हणून आज सगळी जागा या एका प्रश्नाला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २(७) मध्ये ग्राहक कोण ते सांगितलंय. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. डीलर एवढंच वाचून थांबतो. खाली स्पष्टीकरण आहे, ते वाचायचे कष्ट घेत नाही. स्पष्टीकरण म्हणतं, की माणसानं वस्तू केवळ स्वतःची उपजीविका कमावण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली आणि स्वतः वापरली, तर ते व्यापारी कारण धरायचं नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात मुळात हे स्पष्टीकरण नव्हतं. १९९३ च्या दुरुस्तीनं ते आलं आणि नव्या कायद्यातही टिकलं.

या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं लावला तो १९९५ साली, आणि तोही आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स हा इथला एकमालकी छोटा उद्योग. त्यानं कोइमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून मोठं टर्निंग मशीन घेतलं. मशीन उशिरा आलं, सदोष निघालं, अशी तक्रार. महाराष्ट्राच्या राज्य आयोगानं भरपाई मंजूर केली. राष्ट्रीय आयोगानं ती उडवली, कारण मशीन व्यापारी कारणासाठी घेतलेलं. सर्वोच्च न्यायालयानंही तक्रारदाराला परत पाठवलं. असलं मशीन म्हणजे स्वतःच्या हातानं पोट भरण्याचं साधन नव्हे, असं न्यायालयाला वाटलं.

तक्रारदार हरला, पण त्या निकालपत्रात आमच्या खोडाळ्याच्या वाचकाची केस जवळजवळ नावानिशी लिहून ठेवलेली आहे. मुद्दा समजावताना न्यायालयानं उदाहरणं घेतली. टाइपरायटर घेऊन दुसऱ्यांचं काम टाइप करून देणारा, मोटार घेऊन टॅक्सी म्हणून चालवणारा, ट्रक घेऊन स्वतः हाकणारा, रिक्षा घेऊन स्वतः फिरवणारा. हे सगळे कमाई करतात. पण स्वतः राबून पोटापुरतं कमावत असतील, तर ते ग्राहकच. मदतीला एखाद-दुसरा माणूस घेतला म्हणून त्यांचं ग्राहकपण जात नाही. गाडी घेऊन ती दुसऱ्याला चालवायला दिली, तर मात्र तो ग्राहक नव्हे.

मला हा निकाल फार आवडतो. कायद्याच्या भाषेत एवढा रोखठोक निकष क्वचित सापडतो. गाडीची किंमत किती, पाटी पिवळी की पांढरी, दिवसाचा गल्ला किती, यांपैकी काहीही आधी विचारायचं नाही. आधी विचारायचं ते हे, की स्टिअरिंगवर कोण बसतं?

आमच्या वाचकानं ताज्या कलमात विचारलंय, की मध्यंतरी आजारपणात मेहुण्यानं पंधरा दिवस गाडी चालवली, त्यानं काही बिघडेल का? नाही बिघडणार. तो मदतीचा माणूस. याउलट कुणी चार जीपा घेऊन चार ड्रायव्हर ठेवले आणि संध्याकाळी नुसता हिशेब घेत बसला, तर त्याला हे दार बंद. त्यानं दिवाणी न्यायालयात जावं.

खरी गुंतागुंत दुसरीकडे आहे. आपल्याकडे गाडी अनेकदा बायकोच्या नावावर असते, कारण कर्ज तिच्या नावानं मिळालेलं असतं, आणि चालवतो नवरा. कागदावर घेणारी एक, चालवणारा दुसरा. डीलरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. अशा घरानं तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावं, की कुटुंबाला दुसरं उत्पन्न नाही, गाडी घरचाच माणूस चालवतो, हप्ता याच कमाईतून जातो. ‘उपजीविका’ आणि ‘स्वयंरोजगार’ हे शब्द तक्रारीत आले नाहीत म्हणून चांगल्या तक्रारी लंगड्या पडतात. नुसते शब्दही पुरत नाहीत. लायसन्स, बॅज, स्वतःच्या नावावर झालेलं परमिट, कर्जाचे हप्ते, हे सगळं जोडायचं. परमिट गाडीबरोबर आपोआप येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे परिवहन प्राधिकरणाची परवानगी घेऊनच ते नावावर होतं. आमच्या वाचकानं तेही करून घेतलंय, हे वाचून मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

पांढऱ्या पाटीच्या गाडीत पॅसेंजर भरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न जव्हार-मोखाड्यात कुणीही विचारील. एसटी चुकली की त्याच गाड्या लोकांना घरी पोचवतात, हे मीही जाणतो. पण पोट याच गाडीवर आहे असं शपथपत्रावर सांगणं म्हणजे परमिटविना भाड्यानं गाडी चालवतो, हे सही करून कबूल करणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ६६ परमिट मागतं, १९२-अ दंड सांगतं. शिवाय खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. अशा माणसाला मी आधी कागद सरळ करायला सांगतो, भांडण नंतर.

आता डीलरचं पहिलं वाक्य. ‘बघून घेतली’ याला १९३० च्या माल विक्री कायद्यात जागा आहे. त्या जातीच्या मालाचा व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य असला पाहिजे, असं कलम १६ धरून चालतं. मात्र घेणाऱ्यानं माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही. घासलेले टायर, घसरणारा क्लच, काळा धूर, हे दिसायला हवं होतं. पुट्टी भरून वर रंग मारलेली चीर दिसायला हवी होती, असं कोण म्हणेल? तपासणीत ती दिसू नये एवढ्याचसाठी तर रंग मारला! पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहिलेलं असेल, तर भांडण अवघड होतं, संपत नाही. दोष जाणूनबुजून झाकणं ही करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणूक आहे. एक अडचण राहते. रंग या डीलरनंच मारला की त्याच्या आधीच्या मालकानं, हे सिद्ध करणं कठीण. म्हणून तक्रारीचा भार फसवणुकीवर टाकू नये, दोषावर टाकावा. वस्तूत दोष होता एवढं दाखवलं, की विकणाऱ्याला तो माहीत होता का, हे ग्राहक कायद्यात शाबित करावं लागत नाही.

विकणारा डीलर आहे, हे इथे महत्त्वाचं. शेजाऱ्यानं त्याची एकुलती एक गाडी विकली असती, तर तो व्यापारी नव्हे. तिथे ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात आल्याचं त्यानं पोर्टलवर कळवलं की तोच तिचा मालक मानला जातो. आमच्या वाचकानं डीलरकडे या अधिकारपत्राचा नंबर लेखी मागावा. ‘मी नुसता मध्यस्थ’ हे तिसरं वाक्य यायच्या आत.

गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही पार्टी करू का, असं त्यांनी विचारलंय. नको. २०२१ साली गोव्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ग्राहकानं पैसे नव्या गाडीचे मोजले आणि डीलरनं हातात दिली दोन वर्षं जुन्या मॉडेलची, सहाशेहून जास्त किलोमीटर फिरलेली गाडी. खालच्या आयोगांनी टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला मोकळं केलं. डीलरच्या या करणीत कंपनीचा हात होता, असं दाखवता आलं नव्हतं. नव्या गाडीत ही गत, तर हात बदललेल्या जीपसाठी कंपनीला ओढून फक्त तारखा वाढतील. ज्यानं विकली त्याला धरा.

आणि त्याला धरायला नाशिकला हेलपाटे घालायची गरज नाही. जुन्या कायद्यात सामनेवाला जिथे राहतो किंवा जिथे व्यवहार घडला तिथे तक्रार करावी लागे. म्हणजे खोडाळ्याच्या माणसानं फेऱ्या बुडवून नाशिक गाठायचं. २०१९ च्या कायद्याचं कलम ३४ तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार घेतं. माझ्या मते साऱ्या नव्या कायद्यात खेड्यातल्या माणसाच्या खऱ्या उपयोगाचं एवढं दुसरं कलम नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य. तक्रार ऑनलाइन दाखल होते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून वेळ लागतो, तेव्हा कमाई थांबवून वाट बघत बसू नका.

म्हणजे गाडी दुरुस्त करायची. पण कशी? आधी डीलरला स्पीड पोस्टानं नोटीस : अमुक तारखेला ब्लॉक उतरवतोय, येऊन बघा. आला तर उत्तम, नाही आला तर त्याहून उत्तम. मग फिटरच्या चिठ्ठीवर भागवू नका. एखाद्या सर्व्हेअरला किंवा तंत्रनिकेतनातल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकाला बोलवा. पुट्टी खरवडण्याआधी आणि नंतर फोटो घ्या, दोन्हीत इंजिन नंबर दिसला पाहिजे. त्यांचा अहवाल सही-शिक्क्यासह घ्या. आयोगाला वाटलं तर तो ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून नवा ब्लॉक बसला की जुना भंगारवाल्याला देऊ नका. तो किलोवर दोन पैसे देईल आणि तुमचा एकुलता एक साक्षीदार वितळवून टाकील.