पाने चिकट का होतात?

जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. ही दोन्ही टोके सोसून गॅलरीत टिकून राहतात ती मांसल पानांची झाडे : कोरफड, पानफुटी, जेड, घायपात आणि नाना जातींचे निवडुंग. ‘पाणी घालायला विसरले तरी चालते’ अशी त्यांची ख्याती असल्याने त्यांच्याकडे रोज निरखून कोणी पाहत नाही. एखाद्या दिवशी पान बोटाला चिकटते, खिडकीच्या काठावर बारीक चकचकीत थेंब दिसतात, कुंडीवरून मुंग्यांची रांग चाललेली असते, तेव्हा कोठे लक्ष जाते. पुढे त्याच पानांवर काजळी धरते. आजीच्या हातची, माहेराहून आणलेली कोरफड असेल तर जीव कासावीस होतो आणि घाईघाईने चुकीचे औषध दिले जाते.

काजळी पाहून बुरशीनाशक फवारणे, हे त्यांतले सर्वांत सामान्य. वस्तुतः ती काळी बुरशी पानांत शिरत नाही. पानांवर सांडलेल्या गोड पाकावर ती वाढते. दोष पाक सांडणाऱ्याचा आहे. झाडाच्या रसात साखर विपुल, पण कीटकाच्या वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये अल्प असतात. पुरेसे पोषण मिळावे म्हणून रसशोषक कीड भरमसाट रस पिते आणि नको असलेली साखर बाहेर टाकते. ज्वारीवरच्या अशाच स्रावाला आपले शेतकरी ‘चिकटा’ म्हणतात. कुंडीतला चिकटा निराळा नाही.

संशयित तीन. पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोंडाएवढा नव्हे, पण कापसासारखाच पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. देठावर तपकिरी, फुगीर, नखाने खरवडता येणारे ठिपके असतील तर ती खवले कीड. त्यांतही मऊ कवचाचीच चिकटा सोडते, कठीण कवचाची सोडत नाही. कोवळ्या शेंड्यांवर वा फुलांच्या दांड्यावर गर्दी करतो तो मावा. भिंग घेऊन पानांची खालची बाजू पाहावी. कीड सहसा तेथेच दडलेली असते.

मात्र प्रत्येक चिकटपणा म्हणजे रोग नव्हे. स्नेक प्लांटच्या फुलांच्या दांड्यावर मधाचे थेंब आपोआप येतात. शेराची फांदी मोडली की तिचा चीक वाळून चिकट होतो (तो डोळ्यांना घातक असतो, मुलांना दूर ठेवावे). आणि काही झाडांच्या पानांवर जी निळसर भुकटी असते, ती तर त्यांचे उन्हापासूनचे संरक्षण. ती पुसून पान ‘स्वच्छ’ करणे म्हणजे अपकारच.

कीड निश्चित झाली की प्रथम ती कुंडी इतरांपासून दूर ठेवावी. थोडीच कीड असल्यास सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका टिपून काढावा. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने देवघरातल्या निरांजनाजवळ हा उद्योग करू नये. प्रादुर्भाव अधिक असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावे. जेडसारख्या झाडांना साबण सोसतोच असे नाही, म्हणून आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. पिठ्या ढेकणाच्या एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात व त्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. यास्तव आवर्ती ठेवीच्या हप्त्याप्रमाणे दर आठवड्याला, निदान चार वेळा, उपचार चुकवू नये.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. पाकाच्या लोभाने त्या किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. पानांवर ढालकिडा दिसल्यास मात्र फवारणी थांबवावी. तो आपले काम करतो आहे.

कीटक कधी शत्रू, कधी मित्र, याचे उदाहरण निवडुंगातच आहे. रंगासाठी म्हणून १७९५ साली ब्राझीलहून भारतात आणलेला किडा अपेक्षित जातीचा निघाला नाही. पण पिठ्या ढेकणाच्या या नातलगाने माजलेल्या निवडुंगाचा फडशा पाडला. १९२६ मध्ये त्याचीच दुसरी जात श्रीलंकेहून मुद्दाम आणली गेली. जबलपूरचे तण संशोधन निदेशालय गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे सोडते, त्यामागचे तत्त्व हेच.

उपचार करूनही झाड खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत. तेथेही पांढरी पूड आढळली तर माती टाकून द्यावी, मुळे धुऊन ती दोन-तीन दिवस सावलीत वाळवावीत आणि कोरड्या, वाळूमिश्रित मातीत पुन्हा लावावे. नत्राचे खत त्या हंगामात देऊ नये. कोवळी, रसाळ वाढ किडीला फार आवडते. मूळ झाड वाचणार नाही असे दिसले तर जेडचा एखादा निरोगी शेंडा किंवा कोरफडीचे पिल्लू स्पिरिटने तपासून घ्यावे, काप तीन-चार दिवस सुकू द्यावा आणि नव्या कुंडीत लावावे. रोपवाटिकेतून आणलेले नवे झाडही पहिले तीन आठवडे वेगळ्या खिडकीत ठेवावे.