माशी मरते, मजूरही मरतो

मोडनिंबच्या शिवारात डाळिंब फुलले की मधमाशीने फळधारणा वाढते. युरोपात काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबलबी हा केसाळ भुंगा १९८७ पासून खोक्यात पाळून विकला जातो. चिलीने तो आयात केला. त्याने तिथला मूळचा भुंगा हटवला. आपला काळा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. ते लाकूड आपण चुलीत घालतो!

मुळात प्रश्न फवारणीचा आहे. भर फुलोऱ्यात सकाळी औषध मारले की माशी मरते. आणि पंप कुणाच्या पाठीवर? भूमिहीन मजुराच्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. संरक्षक कपड्यांची तरतूद त्या नियमांत आहे. शेतमजूर बांधवांनी पंप उचलण्याआधी हातमोजे, मास्क मागावेत. फवारणी संध्याकाळी, माशी परतल्यावर करायला लावावी.