अवयवदान : खिशातल्या कार्डाआधी घरातली बोलणी



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. या वेळी विषय निराळा आहे, पण आपल्या शिवारातलाच. हल्ली काही घरांतून ऊस नोंदीला बापाऐवजी मुलगा येतो. विचारले तर कळते, वडील डायलिसिसला गेलेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा शहराची वारी, दरखेपेला चार तास मशीनला जोडून पडायचे. घरातले एक माणूस कायम त्यांच्यामागे. अशा पुष्कळ रोग्यांना खरा आधार म्हणजे दुसरे मूत्रपिंड. ते आणायचे कुठून?

देशात २०१३ साली सुमारे ५ हजार अवयवांचे प्रत्यारोपण झाले होते. २०२२ साली हा आकडा १६ हजारांवर गेला. पण यातले बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले, आणि देणाऱ्यांत आई, बायको, बहीण हीच मंडळी जास्त. मरणोत्तर अवयव देणारे आपल्याकडे दहा लाख लोकांमागे एकही भरत नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण ४० च्या वर आहे.

अडते कुठे?

अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की कधी कधी मेंदू कायमचा मरतो. व्हेंटिलेटरमुळे छाती हलत असते, अंग गरम लागते. घरच्यांना वाटते, अजून आशा आहे. पण हा कोमा नव्हे. यातून माणूस परत येत नाही. १९९४ च्या कायद्याने हा मृत्यूच मानला आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. तेव्हा अवयवासाठी घाई करतील, ही भीती मनातून काढून टाका.

मात्र पुढे वेळ थोडा असतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याला सांगायला नको. काढलेले हृदय तर चार ते सहा तासांतच दुसऱ्याच्या छातीत बसावे लागते. नेमक्या त्या घडीला डॉक्टर विचारतात, "तुमची संमती आहे का?" दुःखात बुडालेल्या घरात कोणी 'हो' म्हणायला धजत नाही, कारण गेलेल्या माणसाची इच्छा कोणालाच ठाऊक नसते. खिशात कार्ड असले तरी घरच्यांच्या होकाराशिवाय डॉक्टर प्रत्यक्षात पुढे जात नाहीत.

अवयव कोणाला मिळणार हे वशिल्यावर ठरत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय केंद्रांकडे प्रतीक्षा यादी असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे पुणे केंद्राकडे येतात. अवयवांची खरेदी-विक्री केल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि किमान २० लाख रुपये दंड आहे. शस्त्रक्रियेनंतर देह नीट शिवून घरच्यांच्या स्वाधीन करतात. अंत्यविधीला अडचण येत नाही.

आपण काय करायचं?

१) जरूर नोंदणी करा, पण त्याआधी घरात सांगा. राष्ट्रीय केंद्राचा मोफत फोन १८००-११-४७७० आहे.

२) घरी मृत्यू झाला तर हृदय, मूत्रपिंड देता येत नाही, डोळे आणि त्वचा मात्र देता येते. त्यासाठी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते.

३) नातेवाईक मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही, अशी दोन कुटुंबे आपसांत अदलाबदल करू शकतात. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्याला ते मान्य आहे.

४) रांग मुळातच कमी करायची तर रक्तदाब आणि साखर वेळेवर तपासा. मूत्रपिंडे खराब होण्याची ही दोन मोठी कारणे आहेत.

वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात नोंदणीचे टेबल मांडावे, अशी सूचना मी संचालक मंडळाकडे देत आहे. पण सभेची वाट पाहू नका. आज रात्री जेवताना घरच्यांना एवढंच सांगा : "माझं काही बरंवाईट झालं, तर माझे अवयव द्या." त्या वेळी त्यांना निर्णय घ्यायचा राहणार नाही, फक्त तुमचा शब्द पाळायचा राहील.

— ऊस विकास अधिकारी