कार्बनचं कापड

पॅनल हातात आलं की तो आधी ते उलटं करतो. आपण गाडीत बसून रोज बघतो त्या बाजूकडं त्याचं लक्षच नसतं. मागं, क्लिपांच्या खाचांजवळ, साच्यातच उमटलेली, प्लास्टिकचा प्रकार सांगणारी बारीक अक्षरं असतात. ती वाचली की पॅनल एकतर चटईवर जातं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात परत. ‘एबीएस’ असेल तर काम घ्यायचं, ‘पीपी’ असेल तर नाही. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी धरत नाही. आज चिकटल्यासारखं दिसतं आणि पुढं उन्हातान्हात कधीतरी अख्खा थर सुटून हातात येतो. “नंतर शिव्या खाण्यापेक्षा आधीच नाही म्हणलेलं बरं,” तो म्हणतो.

हा जिंतूरचा मुलगा, तिशीच्या आतला. दिवसभर एका गॅरेजवर डेंटिंग-पेंटिंग करतो आणि पहाटे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या आतल्या पॅनलांवर खऱ्या कार्बन फायबरचं कापड चढवतो. मी त्याच्यापर्यंत पोचले ती एका गिअर कन्सोलमुळं. परभणीहून जिंतूरला येताना ओळखीच्यांच्या गाडीत पुढं बसले होते. कन्सोलवर काळी, तिरप्या विणीची चकाकी होती. असली स्टिकरं आता कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतात, म्हणून सहज कडेला नख लावून पाहिलं. उचकटायला कड नव्हतीच. गाडी वळली तसा विणीवरचा उजेडही आतल्या आत सरकला. छापलेल्या विणीत उजेड असा सरकत नाही. गाडी चालवणारे म्हणाले, “जिंतुरातच केलंय. एक पोरगा घरी करतो.” मी लगेच पत्ता विचारून घेतला.

हे कापड मुळात कुठल्या कामाचं, ते सांगायला हवं. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६०च्या सुमारास ॲक्रिलिकच्या धाग्यापासून कार्बनचा तंतू काढला. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत त्याला खरी ताकद आली. १९८१ साली जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनच्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची ती गाडी आदळली, इंजिन तुटून बाजूला पडलं आणि वॉटसन धडधाकट बाहेर आले. मोटारीच्या जगात या काळ्या विणीला मान आहे तो तेव्हापासून. आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनानं सुमारे ४५ टक्के भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंचा, आहे, आणि ते विमान आता नाशिकजवळ ओझरलाही बनतं.

जिंतूरच्या शेडमध्ये मात्र हे कापड ताकदीसाठी चढत नाही. खालचं प्लास्टिक तसंच राहतं, वर एक थर कापडाचा आणि काही थर रेझिनचे येतात. म्हणजे पॅनल हलकं व्हायच्या ऐवजी जडच होतं. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो. “गाडी पळायची तेवढीच पळणार. हे फक्त बघायला आहे. पण खरं आहे.” इतकं सरळ सांगून धंदा करणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

काम पहाटे सुरू होतं त्याला कारण इपॉक्सी. त्याचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, तो सोनाराकडं असतो तसल्या लहान काट्यावर तोलून घेतो. ‘अंदाजे’ हा प्रकार इथं चालत नाही. हार्डनर जास्त टाकला म्हणून लवकर वाळत नाही, उलट थर कायमचा चिकट राहतो. डब्यावर लिहिलेलं असतं : २५ अंश तापमानाला २५ मिनिटं. मिसळल्यापासून तेवढ्या वेळात लावून मोकळं व्हायचं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ साधारण निम्म्यावर येतो. “डब्यावाल्याला परभणीचा उन्हाळा काय माहीत? आपल्याकडं बारा मिनिटं.” हे बारा मिनिटांचं गणित त्यानं मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. एप्रिल-मेमध्ये इथं दुपारी पारा ४३च्या वर जातो, तेव्हा ती बारासुद्धा मिळत नाहीत. “पहाटं करायलो म्हणून जमतं, ताई. दुपारी केलं तर ग्लासातच दगड.”

तो दगड मी पाहिला. ग्लासात बोटभर रेझिन उरलं होतं आणि तो पॅनलवरच्या एका बुडबुड्यात अडकला होता. बघता बघता ग्लास तापला, त्याचं बूड मऊ पडलं आणि आतून पांढरट धूर निघू लागला. एकत्र साठून राहिलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं पेटल्यासारखं होतं. पातळ पसरलं की थंड राहतं. त्यानं तो ग्लास पकडीनं उचलून बाहेर मातीत ठेवला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, “झाली का रे बारा?”

त्याची आई शिवणकाम करते. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज तिच्याकडं असतात आणि या धंद्यातलं कापड बेतायचं कामही तिच्याकडंच आहे. कार्बनच्या एका धाग्यात ३,००० तंतू असतात, म्हणून त्याला ‘थ्री-के’ म्हणतात. एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. कात्री लागली की कडेचे धागे लगेच सुटतात. म्हणून आधी कापायच्या रेघेवर मास्किंग टेप लावायची आणि टेपेच्या मधून कापायचं. त्याच्या आईनं, म्हणजे मावशींनी, यासाठी वेगळी कात्री ठेवली आहे, कारण हे कापड कात्रीची धार खातं. गिअर कन्सोलला कोपरे फार. सरळ कापड तिथं चुण्या घेतं. त्या म्हणाल्या, “ह्याला सांगितलं, उरेब धर. गळ्याची पट्टी कशी बसती? तसंच बसंल.” आणि बसलं. ट्विलची, म्हणजे तिरप्या रेघांची, वीण उरेब (तिरकी) धरली की कोपऱ्यावर आपसूक वळते. हे त्याला कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नव्हतं.

पॅनल खरवडणं, धुणं, काळा रंग मिसळलेला इपॉक्सीचा पहिला हात देणं, हे झटपट होतं. मग थांबायचं. हातमोज्याचं बोट टेकवलं की ठसा उमटला पाहिजे, पण मोज्याला काही लागता कामा नये. ती वेळ आली की कापड एकदाच ठेवायचं. उचलून परत ठेवलं की वीण वाकते, आणि एकदा वाकलेली वीण नंतर कितीही चकाकी आणली तरी डोळ्याला खुपत राहते. डाव्या दाराची तिरपी रेघ उजव्या दाराच्या रेघेला आरशासारखी जुळली पाहिजे असा त्याचा आग्रह असतो. गिऱ्हाईक दोन्ही दारं कधी एकदम बघतं का, असं मी विचारलं. “मी बघतो की,” तो म्हणाला.

त्यानंतर पारदर्शक रेझिनचे दोन-तीन हात. प्रत्येक हाताला तीच बारा मिनिटं.

मला पुन्हा पुन्हा तिकडं ओढून नेलं ते मात्र घासण्यानं. लोक पैसे देतात चकाकीचे, पण हे काम म्हणजे मुख्यतः घासणं आहे. आधी जाडाभरडा पेपर, मग ४००, ८००, १२००, शेवटी २०००, आणि सगळं पाण्यात बुडवून. बादली शेजारी आणि त्याची नजर पॅनलवर नाही, बोटांमधून ओघळणाऱ्या पाण्यावर. पाणी दुधाळ आहे तोवर वरचं रेझिनच निघतंय, म्हणजे ठीक. त्या दुधात काळी रेघ आली की हात जागीच थांबतो. पेपर तंतूपर्यंत पोचला. आणखी एकदा हात फिरला तर तिथली वीण तुटेल आणि तो डाग मरेपर्यंत दिसेल. मी बघत होते तेव्हा दाराच्या हँडलजवळच्या कडेवर अशी रेघ आली. त्यानं पॅनल पुसलं, उजेडाकडं धरलं, बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “वाचलं. अजून एक हात द्यावा लागंल.” म्हणजे पुन्हा काटा, पुन्हा ग्लास, पुन्हा बारा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून घासणं. त्याचे जादा पैसे तो मागत नाही.

पहाटे ज्या उन्हापासून तो पळतो, त्याच उन्हाला तो शेवटी कामाला लावतो. घरी वाळवलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू शकतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. उपाय म्हणजे इपॉक्सीला आधीच सावकाश तापवून घ्यायचं. कंपन्यांकडं त्यासाठी भट्ट्या असतात. याच्याकडं अंगणात उभी असलेली, इंजिन काढलेली जुनी व्हॅन आहे. तयार पॅनलं सकाळीच आत मांडायची, काचा लावून घ्यायच्या. जिंतूरचं ऊन चढेल तशी आतली उष्णताही हळूहळू चढते, आणि संध्याकाळी ती तशीच उतरते. वीज गेली तरी हे काम थांबत नाही.

इथवर मला या मुलाचं कौतुकच वाटलं. पण त्याच्या मनगटांवर लाल चट्टे आहेत. इपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जात नाही, पुढं थेंबभरही सोसत नाही. सुरुवातीला पॅनल कोरडं खरवडताना उडणारी धूळ तोंडाला रुमाल बांधून अडत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटचा लॅकर. उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून त्यावर गाडीला मारतात तोच दोन घटकांचा क्लिअर कोट मारावा लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं स्प्रे मारणाऱ्यांना दमा जडतो, ही जगभरच्या रंगकामातली जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. तो मारतो नुसता रुमाल बांधून. गॅरेजवर सगळेच तसं मारतात. मावशी पदर तोंडाला लावून दारात उभ्या असतात. मी बोलले तेव्हा तो म्हणाला, “बरोबर आहे ताई, पण मास्कचे पैसे गिऱ्हाईक देतंय का?” मला हे उत्तर मान्य नाही, पण ते खोटंही नाही.

एका बाबतीत मात्र तो गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, आणि तिथं मी पूर्ण त्याच्या बाजूची आहे. २०२२पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग सक्तीची आहे. डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते. तिच्यावरच्या झाकणाला आतून बारीक खाच ठेवलेली असते. धडक बसली की सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी वेळात झाकण त्या खाचेवर फाटून एअरबॅग बाहेर येते. त्यावर कार्बनचा कडक थर चढवला तर झाकण फाटत नाही, किंवा त्याचा तुकडा समोर बसलेल्याच्या तोंडावर येतो. एक गिऱ्हाईक पूर्ण डॅशबोर्डच करून मागत होतं. दुप्पट पैसे देतो म्हणालं, शहरात करून घेईन म्हणालं. यानं पॅनल परत दिलं.

तुम्हाला गाडीत हे काम करून घ्यायचं असेल, तर जरूर घ्या, स्टिकरपेक्षा ते शंभर पटींनी चांगलं आहे. पण एअरबॅगचं झाकण आणि स्टिअरिंगचा मधला भाग कोणाकडंही देऊ नका. आणि भाव ठरवताना चांगल्या मास्कचे, त्याच्या फिल्टरचे आणि हातमोज्यांचे पैसे स्वतःहून वेगळे धरा. ते वस्तूंच्या रूपानंच नेऊन दिले तर आणखी बरं.