कृष्णाकाठचा प्रवास आणि नगरातील मुक्काम

नदीतून प्रवास करावा, त्याला जोडून एखाद्या नगरात तीनचार दिवस स्वस्थ राहावे आणि मग घरी परतावे, अशी इच्छा अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत वारंवार बोलून दाखविली जाते. परदेशी असलेला मुलगा ऱ्हाईन किंवा डॅन्यूब नदीवरील नौकांची चित्रे आईवडिलांस पाठवितो. केरळात जाऊन आलेले शेजारी तेथील घरनावांचे वर्णन करतात. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ ही नौका वाराणसीहून निघाली. ५१ दिवसांत सुमारे ३२०० किलोमीटर चालून बांगलादेशातून आसामातील दिब्रुगडास पोहोचण्याचा तिचा संकल्प होता. ही वार्ता वर्तमानपत्रांत आली, तेव्हा आमच्या सातारा-सांगलीकडील कित्येक घरांत रात्रीच्या जेवणानंतर हाच विषय निघाला. विषय निघतो, परंतु बेत ठरत नाही. आजीचे गुडघे, मुलांच्या परीक्षा, खर्चाचा आकडा आणि ‘एवढ्या माणसांचे कसे होणार?’ ही गृहिणीची काळजी, ह्या चार खडकांवर ती नौका किनाऱ्यालाच फुटते!

हा बेत एकत्र कुटुंबास साधेल कसा, आणि तो आपल्या कृष्णामाईच्या काठी साधेल की नाही, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

नौकेतील सुख कशाचे?

प्रथम हे पाहू की, अशा नौकेतून फिरून आलेली माणसे इतकी संतुष्ट का दिसतात. केवळ पाण्यामुळे नव्हे. त्याची कारणे दोन आहेत. पहिले हे की, नौकेत पेटी एकदाच उघडावी लागते. मुक्काम हलत नाही, देखावा तेवढा हलतो. नेहमीच्या प्रवासात रोज सकाळी अंथरुणे गुंडाळा, सामान मोजा, औषधाची पिशवी शोधा, ह्यातच निम्मा उत्साह खर्ची पडतो. म्हाताऱ्या माणसास तर तो शीण सर्वांत अधिक होतो. दुसरे कारण हे की, नौकेत स्वयंपाक दुसऱ्याने केलेला असतो. आपल्याकडे कुटुंबातील पुरुष व मुले प्रवासास जातात, आणि घरातील स्त्रिया मात्र स्वयंपाकघर बरोबर घेऊन जातात. पहाटे चार वाजता उठून दशम्या करणे, पाण्याची भांडी भरणे, कोणाचे पथ्य व कोणाचा उपवास हे ध्यानात ठेवणे, उतरल्यावर पुन्हा चहा-दुधाची तजवीज करणे, ह्याला विश्रांती म्हणावयाचे तर कष्ट कशाला म्हणावयाचे?

ही दोन सुखे एकदा ओळखली म्हणजे बेताचे सूत्र हाती येते. मुक्काम थोडे असावेत आणि चूल बरोबर नसावी. एवढे साधले तर मोठी नौका नसली तरी नदीप्रवासाचे फळ मिळते. एवढे साधले नाही तर सोन्याची नौका मिळूनही उपयोग नाही.

कृष्णेवर नौका का चालत नाही?

महाबळेश्वरी उगम पावून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास मिळणारी ही महानदी; परंतु आमच्या दोन जिल्ह्यांतून वाईहून सांगलीपर्यंत नावेने जाता येत नाही. वाईच्या वर धोमचे धरण आहे. खाली कऱ्हाडजवळ खोडशीचा बंधारा, आणि पुढेही जागोजागी शेतीसाठी पाणी अडविलेले. पावसाळ्यात नदी दुथडी भरते तेव्हा ती नावेस धार्जिणी नसते, आणि उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पात्रातील खडक उघडे पडतात.

मात्र ह्यात खेद मानण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे ह्या धातूपासून आला आहे. तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरून जाण्याची जागा, उतार, घाट. आपल्या पूर्वजांचा नदीप्रवास एका घाटाहून दुसऱ्या घाटास जाण्याचा होता. काठाकाठाने चालावे, जेथे दोन नद्या भेटतात तेथे थांबावे, नाव मिळेल तेथे नावेत बसावे. कृष्णेचा प्रवास ह्याच रीतीने करावा. पुणे-मिरज लोहमार्ग आणि पक्की सडक ह्या दोहोंची सोय असल्यामुळे तो आज फार सुकर झाला आहे.

काळ कोणता?

कोजागिरीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात हा बेत मुळीच करू नये. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन महापुरांची आठवण सांगलीकरांस सांगावयास नको. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नरसोबाच्या वाडीस पुराचे पाणी पादुकांवरून वाहते, त्या दक्षिणद्वार सोहळ्याचे माहात्म्य मोठे आहे. परंतु लहान मुले व वृद्ध बरोबर असताना त्या दिवसांत तेथे जाणे शहाणपणाचे नव्हे. पौर्णिमा, गुरुवार आणि दत्तजयंती हे दिवसही पंचांगात पाहून शक्य तो टाळावेत, म्हणजे दर्शन शांतपणे होते.

सहा दिवसांचा बेत

मुक्काम दोनच करावेत; दोन रात्री साताऱ्यास आणि तीन रात्री सांगलीस. खोल्या तळमजल्यावर घ्याव्यात, किंवा उद्वाहन असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

पहिल्या दिवशी वाईस थांबून साताऱ्यास यावे. वाईचा गणपती घाट व रास्त्यांनी बांधविलेला ढोल्या गणपती सर्वांस ठाऊक आहेतच; पण जवळच्या मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा व घाटही पाहावा. तेथील मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, पोर्तुगीजांच्या देवळातील आहे. मुलांना चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील विजयाची हकीकत सांगावयाची तर ह्याहून चांगली जागा कोणती? वाचनप्रिय मंडळींनी हेही ध्यानात घ्यावे की, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम ह्याच गावी उभे राहिले.

दुसरा दिवस खऱ्या जलप्रवासाचा. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरावे. कोयना धरणामुळे झालेला शिवसागर जलाशय तेथे डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेला आहे, आणि गावकऱ्यांच्या यांत्रिक नावा भाड्याने मिळतात. वासोट्याची चढण जंगलातील व कठीण आहे. ती तरुणांनी वेगळ्या वेळी करावी. कुटुंबाने पाण्यावरून फेरफटका करावा, त्रिवेणी संगमाकडील दत्तमंदिराचे दर्शन घ्यावे आणि परतावे. कार्तिकात पाणी काठाशी असते, त्यामुळे नावेपर्यंत थोडेच उतरावे लागते. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि तोच उतार वृद्धांस दुस्तर होतो. नावेत बसल्यावर मुलांस एवढे अवश्य सांगावे की, ह्या निळ्या पाण्याखाली गावे, शेते व देवळे गेली आहेत, आणि तेथील माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसली आहेत. आपल्या घरातील दिव्याशी त्या त्यागाचा संबंध आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी संगम माहुलीस जावे. कृष्णा व वेण्णा ह्यांच्या ह्या संगमावरील विश्वेश्वराचे देऊळ शिल्पासाठी प्रसिद्ध आहे, आणि माहुली हे न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. तेथून कऱ्हाड. कोयना व कृष्णा दोघीही महाबळेश्वरच्या. एका माहेरून निघालेल्या ह्या दोन बहिणी कऱ्हाडास अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र वळून पुढे जातात. आदल्या दिवशी जिच्या पाण्यावर आपण नावेतून हिंडलो तीच कोयना येथे भेटते, हे मुलांस दाखविले की भूगोलाचा एक धडा न शिकविता पाठ होतो. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे; त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कृष्णाकाठ’. दुपारची विश्रांती येथेच घेऊन सायंकाळी सांगलीस पोहोचावे.

चौथा दिवस औदुंबर व भिलवडीचा. एका काठी श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुका, पैलतीरी भुवनेश्वरीचे देऊळ, आणि मध्ये नाव. गुरुचरित्रातील मंदबुद्धी मुलाची कथा ह्याच दोन काठांची आहे. भुवनेश्वरीपुढे निराश झालेला तो मुलगा नदी ओलांडून औदुंबरास गेला आणि विद्यावान झाला. ‘तीर्थ’ शब्दाचा मूळ अर्थ येथे डोळ्यांनी दिसतो. ज्यांस साहित्याची आवड आहे त्यांनी संक्रांतीचा मुहूर्त साधावा. त्या दिवशी औदुंबरास साहित्य संमेलन भरते. जवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानातील एका माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसविली, आणि १९२० साली तेथून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले.

पाचवा दिवस नगराचा. ह्या दिवशी कोणास घाई करू नये. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेले गणपतीचे मंदिर सकाळी पाहावे. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ नाटक सांगलीस केले. दुपारी झोप घ्यावी. ज्यांस गाण्याची आवड असेल त्यांनी मिरजेस जाऊन तंबोरे व सतारी घडविणाऱ्यांची दुकाने पाहावीत. सायंकाळी सर्वांनी हरिपुरास जावे. तेथे वारणा कृष्णेस मिळते, संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल ह्याच गावचे. सूर्यास्ताच्या वेळी त्या संगमावर तासभर नुसते बसून राहावे; जवळ भडंगाची पुडी असली म्हणजे मुलेही शांत बसतात! सहाव्या दिवशी नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचे दर्शन घेऊन, कवठाची बर्फी घेऊन घराकडे निघावे.

म्हणजे सहा दिवसांत पाच संगम, दोन नौकाविहार आणि दोनच मुक्काम.

नावेत बसताना

पाण्याशी सलगी असावी, पण धिटाई नसावी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे सोडवून आणणारी नाव उलटली व कित्येकांचे प्राण गेले. ती वेळ संकटाची होती, तेथे निवड नव्हती. सहलीस निघालेल्या माणसास मात्र निवड असते, आणि ती त्याने केली पाहिजे. शाळेतील मुले नदीकाठी नेताना आम्ही काही नियम कटाक्षाने पाळीत असू, तेच येथे देतो. नावेत किती माणसे बसावयाची हे नावाड्यास आधी विचारावे आणि त्याहून एकही अधिक बसवू नये. तरंगते जाकीट प्रत्येकाच्या अंगावर असल्याखेरीज नाव सोडू देऊ नये. छायाचित्रासाठी नावेत कोणी उभे राहू नये. आणि नाव भरली आहे असे वाटले तर पुढच्या फेरीस थांबावे. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. घरातील वडील माणसाने स्वतः हे नियम पाळले तर मुलांना सांगावे लागत नाही.

घरातील वाटणी

निघण्यापूर्वी घरात एकदा सर्वांनी बसावे. भावाभावांत कोणी किती खर्च द्यावयाचा, हे आधी ठरवून एकाच्या हाती हिशेबाची वही द्यावी. प्रवासात पैशाची गोष्ट निघाली की तिचा कडवटपणा घरी आल्यावरही जात नाही. औषधे एकाने, तिकिटे दुसऱ्याने, मुलांची मोजणी तिसऱ्याने सांभाळावी. आणि ही सारी कामे घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी वाटून घ्यावीत. सहा दिवस स्टोव्ह, पोळपाट व डबे घरीच राहू द्यावेत. सातारा व सांगली दोन्ही ठिकाणी स्वच्छ शाकाहारी भोजनालये आहेत. आजींच्या उपवासाचे फराळाचे पदार्थ तेवढे घरून घ्यावेत, आणि ते बांधण्याचे काम सूनबाईकडेच आहे असे कोणी गृहीत धरू नये.

पुढेमागे ज्यांस गंगेवरील किंवा परदेशातील मोठ्या नौकेत बसावयाचे आहे, त्यांसही हा लहान प्रवास रंगीत तालीम म्हणून उपयोगी पडेल. आजींस किती पायऱ्या चढवतात, आजोबांस दिवसभरात किती हिंडणे सोसते, मुले पाण्याजवळ कशी वागतात, हे सहा दिवसांत कळते. मोठ्या नौकेचा बेत करताना एवढे आणखी लक्षात ठेवावे की, नगरातील मुक्काम नौकेच्या आधी असावा, मागाहून नव्हे. आगगाडीस उशीर झाला तरी नगर आपली वाट पाहते. नौका पाहत नाही.

प्रवास यशस्वी झाला की नाही, हे कसे ओळखावे? किती स्थळे झाली, किती छायाचित्रे निघाली, ह्यावरून नव्हे. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील गृहिणीस विचारावे, ‘थकलीस का?’ ती ‘नाही’ म्हणाली, तर बेत उत्तम होता असे समजावे आणि पुढील वर्षाच्या पंचांगात खुशाल खूण करून ठेवावी.