पाच मिनिटांचा भाव

ऑस्ट्रेलियातल्या घाऊक बाजारात विजेचा भाव दर पाच मिनिटांनी ठरतो, आणि तो शून्याच्या खालीही जातो. किती खाली? नियमाने आखलेला तळ आहे युनिटमागे उणे एक डॉलर. वरची मर्यादा आहे साधारण २० डॉलर. म्हणजे त्याच तारेतून येणारं तेच युनिट दुपारी बाराला उचलणाऱ्याला वर पैसे मिळवून देईल आणि संध्याकाळी सातला भल्याभल्यांचा घाम काढेल. अशा देशात छपरावरच्या सोलरची कमाई किती, असं कुणी विचारलं तर आधी विचारावं लागतं: किती वाजताची?

हा बाजार १९९८ च्या डिसेंबरात सुरू झाला. पूर्वेकडच्या राज्यांत वीज तयार करणं, तारा सांभाळणं आणि घरोघरी बिल पाठवणं ही वेगवेगळी कामं; तारांचे मालक वेगळे आणि विक्रेते वेगळे. विक्रेता पटला नाही तर बदलायचा. तारा मात्र त्याच राहतात. आपल्याकडे मुंबईतला काही भाग सोडला तर हे सुख, किंवा ही डोकेदुखी, अजून कुणाच्या वाट्याला आलेली नाही.

भाव उणे का होतो, हे लासलगावचा कांदा पाहिलेल्याला समजवावं लागणार नाही. आवक तुफान झाली की भाव पडतो, आणि हमाली-तोलाई-भाडं वजा जाता कधी शेतकऱ्यालाच पदरचे घालावे लागतात. इथे आवक आहे उन्हाची. चाळीस लाखांहून जास्त छपरांवर पॅनेल आहेत, म्हणजे ढोबळमानाने दर तिसऱ्या घरावर. ही छपरं लिलावात बोली लावत नाहीत; ऊन पडलं की वीज सरळ वाहू लागते. कोळशाचं केंद्र मात्र दुपारपुरतं बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवणं फार महागात जातं. त्यापेक्षा चार तास पैसे देऊन वीज खपवलेली बरी, असा त्या केंद्राचा हिशेब. ३१ डिसेंबर २०२३ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात तर काही वेळ एकट्या छपरांनीच राज्याची सगळी मागणी भागवली आणि वर थोडी उरली.

घरगुती ग्राहकाला हा पाच मिनिटांचा खेळ सहसा दिसत नाही, कारण विक्रेता मध्ये उभा असतो. तो युनिटला तीस सेंटच्या आसपास घेतो. त्यात तारांचं भाडं आलं, त्याचा नफा आला. तुमचं जास्तीचं युनिट परत घेताना मात्र तो बाजाराकडे बोट दाखवतो. मग गंमत अशी की छपरावर तयार झालेलं युनिट घरातच वापरलं तर त्याची किंमत तीस सेंट आणि त्याने उंबरा ओलांडला की काही सेंट. महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होतं, त्यामुळे आपल्याला हा उंबरा अजून फारसा जाणवत नाही.

एके काळी तिथेही चित्र अगदी उलटं होतं. २०१० मध्ये न्यू साउथ वेल्स सरकार छपरावरच्या प्रत्येक युनिटला ६० सेंट देत होतं, ते घरात वापरलं तरीही! लोकांची अशी झुंबड उडाली की वर्षाच्या आत दर २० सेंटवर आणावा लागला आणि २०११ मध्ये योजनेचं दारच बंद झालं. शेजारच्या व्हिक्टोरियात नियामक आयोग किमान परतावा दर ठरवायचा. २०२५-२६ साठी त्याने काढलेला आकडा होता ०.०४ सेंट. शंभर युनिटं द्या, चार सेंट घ्या. मला हा आकडा क्रूर वाटत नाही, उलट फार प्रामाणिक वाटतो: दुपारच्या विजेची बाजारात तेवढीच पत उरली होती.

मग लोक पॅनेल लावतात कशाला? कारण लावणं स्वस्त आहे. सर्वांत खपणारा आकार बरीच वर्षं ६.६ किलोवॉट होता. तो असा विचित्र का? सरकारी सवलतीच्या नियमानुसार इन्व्हर्टरच्या १३३ टक्क्यांपर्यंत पॅनेल जोडता येतात, आणि पाच किलोवॉटचा इन्व्हर्टर घेतला की गणित बरोबर तिथे येऊन थांबतं. सवलतीची युक्ती तर त्याहून देखणी. २०३० पर्यंत तुमचं छप्पर जेवढी वीज देईल, तेवढी प्रमाणपत्रं आजच हातात. एक मेगावॉट-तासाला एक. सिडनीत ६.६ किलोवॉटला २०२५ मध्ये ५४ मिळायची, २०२६ मध्ये ४५, कारण एक वर्ष सरलं. एका प्रमाणपत्राला चाळीस डॉलरच्या आत-बाहेर भाव. बसवणारा ती स्वतःकडे घेतो आणि तेवढी रक्कम बिलातून कमी करतो. ही प्रमाणपत्रं विकत घेण्याची सक्ती वीज विक्रेत्यांवर आहे. आपल्याकडच्या सूर्यघर योजनेत कमाल ७८,००० रुपये सरकारी तिजोरीतून येतात. ऑस्ट्रेलियात मात्र सवलतीचा भार सगळ्या ग्राहकांच्या बिलांतून थोडा थोडा वसूल होतो, भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्याच्याही.

भावाने आता छपराची दिशासुद्धा बदलली. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून पॅनेल उत्तरेला तोंड करून बसवायची रीत. पश्चिमेला तोंड केलं तर वर्षाची एकूण वीज कमी होते, पण मिळते ती उशिरा, घरी माणसं आलेली असताना. आता कमी वीज देणारी दिशा जास्त पैसे वाचवू शकते!

आणि कांद्याला चाळ असते तशी विजेला बॅटरी. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने घरगुती बॅटरीवर सुमारे ३० टक्के सवलत सुरू केली, त्याच प्रमाणपत्रांच्या वाटेने. आधी वीज करायला पैसे, आता धरून ठेवायला.

ज्यांना बॅटरी झेपत नाही, त्यांच्यासाठी पाण्याची टाकी आहेच. कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नसत, म्हणून मध्यरात्री स्वस्त विजेवर पाणी तापवायची ऑस्ट्रेलियात जुनी पद्धत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वितरण कंपनीने २०२० मध्ये सकाळी दहा ते दुपारी तीनचा दर उतरवला, आणि जे हीटर रात्री चालायचे ते आता भर दुपारी चालू लागले आहेत.