खडकाला बिलगून राहणारा मळ्या

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन कामशेतजवळ इंद्रायणीकाठी गेलो होतो. जेवणे उरकली आणि बिर्याणीची देगची साबण लावून नदीतच धुवायला घेतली. तेवढ्यात धाकटी ओरडली, "अम्मी, थांब! दगडाला मासा चिकटलाय!"

तो मळ्या होता. खालच्या ओठामागच्या चकतीने हा लहानसा मासा खडकाला धरून राहतो, म्हणून जोरदार प्रवाहातही टिकतो. दगडावरचे शेवाळ खरवडून तो पोट भरतो. समुद्रातल्या चिमुकल्या माशांना जसे प्रवाळ, तसा याला खडक. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावातही आपल्या लोकांच्या तोंडचेच नाव ठेवले. जगभरचे अभ्यासक आज त्याला 'गारा मुल्या' म्हणतात.

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत डोंगर खोदले, की माती ओढ्यांतून नदीत येते, दगडांवर बसते आणि शेवाळ गाडले जाते. साबण आणि सांडपाण्याची भर वेगळीच. मळ्याचे घर असे कुणाच्या नकळत मोडते.

वुजू करतानाही पाणी जपा, असे मुलांना शिकवणारे आम्हीच. नदीकाठी मात्र विसरलो. देगची तशीच घरी आणली. तुम्हीही सहलीची भांडी घरीच धुवा, पत्रावळ्या पिशवीत परत आणा. खडक स्वच्छ राहिला, तर मळ्या राहील.